सोसायटीच्या गेटवरचं ॲप, कामाच्या मावशी आणि खाजगी माहिती: सभेत नेमकं काय मागावं?

आसावरी_कोथरूड

नमस्कार मंडळी.

आमच्या सोसायटीत गेटवरची वही जाऊन ॲप आलं. पाहुणा आला की वॉचमन त्याचा मोबाईल नंबर टाकतो, फोटो काढतो, आपल्याला सूचना येते, आपण 'येऊ द्या' दाबतो. इथवर माझी तक्रार नाही.

तक्रार पुढे आहे. कामाला येणाऱ्या मावशी, ड्रायव्हर, पेपरवाला, इस्त्रीवाला यांची ॲपमध्ये कायमची नोंद केली आहे. प्रत्येकाला एक कोड दिलाय, तो सांगितला की गेट उघडतं. आता मी कुठल्याही मावशींच्या नावावर बोट ठेवलं की मला त्यांचा फोटो, मोबाईल नंबर, त्या कोणकोणत्या फ्लॅटमध्ये जातात ती यादी आणि महिनाभर रोज किती वाजता आत आल्या, किती वाजता गेल्या हे सगळं दिसतं. खाली तारे आणि रहिवाशांचे शेरे. 'काम बरं, पण बोलतात फार.' 'सणाला उचल मागतात.' हे सोसायटीतल्या प्रत्येकाला दिसतं. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना मात्र दिसत नाही, कारण त्यांच्यासाठी ॲपच नाही. आमच्या मावशींना मी दाखवलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं. त्यांनी एवढंच विचारलं, "हे पुसता येतं का?"

सप्टेंबरात वार्षिक सभा आहे, विषय लेखी द्यायचाय. तिथे नेमकं काय मागावं? कायदा काही म्हणतो का? तुमच्याकडे कुणी असं काही बदलून घेतलंय का?

रानजाई

ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. आमच्याकडे (पिंपळे सौदागर) याच शेऱ्यांनी एका बाईचं नुकसान झालेलं मी पाहिलंय. तिच्या मुलीला डेंग्यू झाला, बाई तिच्याजवळ दवाखान्यात. त्या महिन्यात हजेरीत भोकं पडली आणि कुणीतरी 'दांड्या फार' लिहून टाकलं. मुलगी बरी झाली, पण शेरा तसाच राहिला. नवीन घर धरायला गेली तर तिथल्या बाईंनी आधी ॲप उघडलं, तो शेरा दाखवला आणि पगार कमी सांगितला. तिची बाजू लिहायला तिथे जागाच नाही.

सेक्रेटरी_काका

मी आमच्या सोसायटीच्या कमिटीत आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. वहीच्या काळात काय चालायचं ते आठवा. उघडी वही टेबलावर, तिच्यात प्रत्येकाचं नाव, नंबर, कुठल्या फ्लॅटला आला. मागून येणारा कुणीही वाचू शकत होता. आमच्याकडे एका रहिवाशाच्या भाचीचा नंबर वहीतून उचलून कुणीतरी तिला मेसेज पाठवायला लागला होता. कुणी, ते शेवटपर्यंत सापडलं नाही. ॲपमध्ये निदान ते तरी थांबलं.

आमच्या इमारतीत कितीतरी घरांत फक्त म्हातारे आई-वडील राहतात, मुलं परदेशात. दुपारी दोन वाजता वर कोण गेलं हे माहीत असणं त्यांच्यासाठी चैन नाही, गरज आहे. कमिटीतली माणसं पदरमोड करून वेळ देतात. त्यांच्याकडे संशयाने बघू नका एवढीच विनंती.

वाडेकर

मी सदाशिव पेठेतल्या वाड्यात वाढलो. कुणाकडे कोण आलं, कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाच्या मुलीला कुठलं स्थळ आलं, सगळं सगळ्यांना ठाऊक. खाजगी आयुष्य हे फ्लॅटमध्ये राहायला गेल्यापासूनचं खूळ आहे. कुणाचं काही बिघडलं नाही.

मुक्ता_

@वाडेकर काका, बिघडलं नाही हे कुणी ठरवायचं? वाड्यात ज्या बाईचा नवरा तिला मारायचा, ज्या मुलीचं लग्न मोडलं, त्यांना विचारा कसं वाटायचं ते. माझी आत्या अशाच वाड्यातून निघून मुंबईला नोकरीला गेली. तिथे पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला असं ती सांगते.

आणि तुलनाही पटत नाही. वाड्यात जोशीकाकू तुमच्यावर नजर ठेवायच्या, तशी तुमचीही त्यांच्यावर असायची. दोन वर्षांत लोक विसरायचे. इथे बघणारा दिसत नाही आणि नोंद विसरली जात नाही. मावशींना माझं काहीच दिसत नाही, मी किती वाजता घरी आले, पगार वेळेवर दिला का, काहीच नाही. मला त्यांचं सगळं दिसतं.

वाडेकर

मुक्ता, आत्याबद्दल लिहिलंस ते वाचून थांबलो. बायकांच्या बाजूने मी कधी विचार केला नव्हता हे खरं. मुद्दा मान्य.

ॲड_प्रभाकर

कायद्याबद्दल विचारलंय म्हणून थोडं सविस्तर.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि तो घटनेच्या कलम २१ मध्येच अंतर्भूत आहे. याचिका करणारे के. एस. पुट्टस्वामी स्वतः कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. मुळात प्रश्न आधारवरून आला होता. मूलभूत हक्क प्रामुख्याने सरकारविरुद्ध चालतो. खाजगी कंपनी किंवा सोसायटीला बांधायला वेगळा कायदा लागतो, तो ऑगस्ट २०२३ मध्ये झाला: डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम.

आसावरीताईंच्या कामाचे मुद्दे:

माहिती कशासाठी घेतो हे सांगून, संमती घेऊन आणि त्या कामापुरतीच घ्यायची. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे मावशी ती मराठीत मागू शकतात. आपली माहिती काय आहे ते विचारणं, चुकलेली दुरुस्त करून घेणं, काम संपल्यावर पुसून घेणं हे हक्क ज्याची माहिती आहे त्याचे, फ्लॅटमालकाचे नव्हेत. घरगुती कारणासाठी ठेवलेल्या माहितीला सूट आहे, म्हणजे तुमच्या फोनमधली मावशींची नोंद यात येत नाही. सोसायटीने ॲप कंपनीमार्फत दीडशे घरांना दाखवलेली माहिती घरगुती म्हणता येणार नाही, असं माझं मत. सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो.

झुळूक

वकीलसाहेब, हे सगळं लागू झालंय का पण?

ॲड_प्रभाकर

@झुळूक, नेमका प्रश्न. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. डेटा संरक्षण मंडळासंबंधीची कलमं लगेच लागू झाली. संमती, सूचना, पुसण्याचा हक्क या मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे २०२७ चा मे उजाडेल. पण सभेत ठराव करायला कायदा लागू होण्याची वाट बघावी लागत नाही. उद्या करावंच लागणार आहे ते आज करा, एवढं म्हणता येतं.

पूर्वा_डोंबिवली

थोडं अवांतर. गेटचं सोडा, दुकानात काय चाललंय? औषधाच्या दुकानात गोळ्यांची एक पट्टी घेतली तरी "मॅडम, नंबर सांगा". सांगितला की त्या नंबराखाली माझी सगळी औषधं साठत जातात. मला काय आजार आहे हे माझ्या सासरच्यांना माहीत नाही, पण दुकानाच्या कॉम्प्युटरला माहीत आहे. मी आता ठामपणे नाही म्हणते. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना सांगितलंय की बिल करण्यासाठी मोबाईल नंबरची सक्ती करू नका. हे सांगितलं की बिल निमूट निघतं.

गुळपोळी

आमच्या आजीला मॉलमध्ये काउंटरवरच्या मुलाने नंबर विचारला. आजी म्हणाली, "आधी तुझ्या आईचा नंबर दे. पोरगं किती वेळ उभं राहून काम करतंय ते तिला सांगायचंय." तो मुलगा इतका हसला की नंबर घ्यायचाच राहिला :)

पूर्वा_डोंबिवली

आजींना माझा नमस्कार सांग!

पंचगंगा

माझा वेगळाच अनुभव. घरात नुसतं बोललो, फोनला हात पण लावला नव्हता, की जुना मिक्सर बदलायला पाहिजे. संध्याकाळी फेसबुकवर मिक्सरच्या जाहिराती. फोन ऐकतोय हे कुणी नाकारूच नका. बायको आता मिक्सरचा विषय निघाला की फोन आतल्या खोलीत ठेवून येते.

बाकरवडी_२_०

@पंचगंगा दादा, मी याच क्षेत्रात काम करतो. फोनचा माइक दिवसभर चालू ठेवून जाहिराती लावल्या जातात याचा पक्का पुरावा अजून तरी समोर आलेला नाही. नव्या अँड्रॉइडमध्ये (१२ पासून) माइक किंवा कॅमेरा चालू झाला की वर कोपऱ्यात हिरवी खूण येते. आयफोनवर माइकसाठी नारिंगी, कॅमेऱ्यासाठी हिरवा ठिपका.

पण यात दिलासा नाही, कारण ऐकायची गरजच नाही. वहिनींनी त्याच वायफायवरून मिक्सर शोधला असेल, तुम्ही भांड्यांच्या दुकानात अर्धा तास थांबला असाल, ते ठिकाण फोनने टिपलं असेल. अशा दहा गोष्टी जुळवल्या की न ऐकताही अंदाज बांधता येतो. कोण कोणाला कधी आणि किती वेळ फोन करतो एवढ्या कोरड्या यादीतूनही माणूस उघडा पडतो. २०१८ साली ठाणे पोलिसांनी खाजगी गुप्तहेरांना पकडलं होतं ते आठवतं का? लोकांच्या फोनकॉलच्या नोंदी बेकायदा मिळवून विकल्या जात होत्या. संभाषण नव्हे, फक्त नोंदी. तरी त्यांना गिऱ्हाईक होतं.

आज रात्री जेवण झाल्यावर एवढं करा. फोनच्या सेटिंगमध्ये 'परवानग्या' उघडा. 'लोकेशन' वर बोट ठेवा, कुठली ॲप 'नेहमी' खाली आहेत बघा. टॉर्च, कॅलेंडर, कर्जवाली ॲप तिथे असतील तर बंद करा. हवामानाच्या ॲपला गावापुरतं ठिकाण पुरतं, त्याला 'अचूक' नको. मग 'कॉन्टॅक्ट्स' बघा. ही परवानगी दिली की तुमची सगळी नंबरांची वही जाते, म्हणजे माझाही नंबर जातो आणि मला कुणी विचारलेलं नसतं. अनोळखी नंबरचं नाव दाखवणाऱ्या सोयी अशाच लोकांच्या वह्या जोडून उभ्या राहिल्या.

पंचगंगा

आत्ताच बघितलं. एका टाइल्सच्या दुकानाच्या ॲपला 'नेहमी' आहे. टाइल्स बसवून दिवाळी झाली की! काढून टाकलं. धन्यवाद भावा.

श्रुती_ठाणे

मुलींनी हे जरूर वाचा. रिक्षाचे पैसे यूपीआयने दिले की समोरच्याला आपलं बँकेतलं नाव दिसतं, आणि यूपीआय आयडी मोबाईल नंबरवर असेल तर नंबरही दिसतो. माझ्या मैत्रिणीला रात्री रिक्षावाल्याचा व्हॉट्सॲप मेसेज आला, 'घरी पोचलात का'. त्याचा हेतू चांगला असेलही, पण तिची रात्रभर झोप उडाली. उपाय सोपा आहे. ॲपमध्ये नंबर नसलेला नवा यूपीआय आयडी तयार करता येतो, पैसे देताना तोच वापरा. आणि व्हॉट्सॲपचा डीपी 'फक्त कॉन्टॅक्ट्स' वर ठेवा.

मुक्ता_

+१. त्यात भर: घर भाड्याने द्यायचे किंवा जुन्या वस्तू विकायचे फोटो अनोळखी माणसाला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवू नका. कॅमेऱ्यात ठिकाणाची नोंद चालू असेल तर ती फोटोच्या आत बसलेली असते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवताना ती गळून पडते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला की तशीच जाते.

नाथसागर

पैठणकडचा शेतकरी आहे मी. तुमचं सगळं वाचलं, आमचंही ऐका.

सातबारा ऑनलाइन झाला ही आमच्यासाठी लई मोठी गोष्ट. पूर्वी तलाठ्याच्या मागं फिरावं लागायचं, तो सापडला तर सापडला. चुलत्यानं गुपचूप फेरफार टाकला तरी वर्ष वर्ष पत्ता लागत नव्हता. आता मी मोबाईलवर गट नंबर टाकून बघतो. ही माहिती उघडी आहे म्हणून माझी जमीन वाचली.

पण त्याच सातबाऱ्यावर 'इतर हक्क' रकान्यात बँकेचा बोजा लिहिलेला असतो. कुठल्या बँकेचं किती कर्ज ते गावातलं कुणीपण बघतं. मुलीच्या सोयरिकीच्या वेळी पाहुण्यांनी आधी सातबारा काढून पाहिला आणि कर्जावरून बोलणी फिसकटली. कर्ज काढणं काय गुन्हा आहे का? दुष्काळात दुसरं काय करणार होतो?

तेव्हा खाजगी काय आणि उघडं काय हे एका वाक्यात ठरत नाही, असं मला वाटतं. मालकी उघडी असावी. कर्जाची रक्कम बँकेला, तलाठ्याला आणि जमीन घेणाऱ्याला कळली तर बस.

रानजाई

नाथसागर दादा, वाचून फार वाईट वाटलं. मुलीला यापेक्षा चांगलं घर मिळो.

नाथसागर

मिळालं ताई. पोरगी आता नर्स आहे, खुशीत आहे.

सेक्रेटरी_काका

दादांच्या मुद्द्याला जोडून. शहरातही तेच आहे. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर कुठल्याही फ्लॅटची सूची क्रमांक दोन बघता येते: घेणारा, विकणारा, किंमत, मुद्रांक शुल्क. अमुक नटाने वांद्र्यात इतक्या कोटींचा फ्लॅट घेतला अशी बातमी येते ना, तिचा उगम बहुतेक वेळा हाच. फसवणूक टाळायला ही नोंद उघडी हवीच. एकच फ्लॅट दोघांना विकणारे महाभाग मी डोळ्यांनी पाहिलेत.

माहिती_हक्क

इथे मला बोललंच पाहिजे. वैयक्तिक माहितीचं रक्षण झालंच पाहिजे, पण त्याच्या आडून दुसरं काही चाललंय. याच २०२३ च्या कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्यातलं ८(१)(j) बदललं. पूर्वी वैयक्तिक माहितीसुद्धा व्यापक जनहित असेल तर त्याच कलमाखाली मिळू शकत होती. आता सरळ 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार देता येतो. हा बदल मात्र नियमांबरोबर लगेच लागू केला, नागरिकांच्या हक्कांना अठरा महिने थांबायला सांगितलं. रोजगार हमीच्या हजेरीपटावर खोटी नावं शोधायची तर नावं दिसायला नकोत का? महाराष्ट्राने माहिती अधिकारासाठी उपोषणं पाहिलीत, राळेगणसिद्धीपासून. त्यावर असं पाणी पडताना गप्प बसवत नाही.

ॲड_प्रभाकर

@माहिती_हक्क, चिंता रास्त आहे. पण दार पूर्ण बंद झालेलं नाही. कलम ८(२) शिल्लक आहे: माहिती उघड करण्यातलं जनहित नुकसानापेक्षा मोठं असेल तर अधिकारी ती देऊ शकतो. अर्जात ते कलम मुद्दाम लिहा.

माहिती_हक्क

'देऊ शकतो' आणि 'द्यावीच लागेल' यांत किती अंतर असतं हे दहा टेबलं फिरलेल्या माणसाला विचारा. असो, स्वतंत्र धागा काढतो.

बागायतकार_गोवा

आमचा होमस्टे आहे, डिचोली तालुक्यात. पाहुणे बुकिंग करतानाच व्हॉट्सॲपवर आधारचा पूर्ण फोटो धाडतात, न मागता. माझ्या फोनात अनोळखी माणसांची शेकडो आधार कार्डं पडून असायची आणि मला त्याचंच भय वाटायचं. फोन हरवला तर? आता मी बुकिंगबरोबरच कळवतो की मास्क केलेलं आधार आणा, ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. ते यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) संकेतस्थळावरून फुकट मिळतं. इथे आल्यावर दाखवा, फोटो नको. परदेशी पाहुण्यांचं वेगळं, त्यांच्या मुक्कामाची माहिती सरकारला चोवीस तासांत कळवावीच लागते.

२०२२ च्या मे महिन्यात आधारच्या बंगळूर कार्यालयाने 'झेरॉक्स कुणालाही देऊ नका' असं पत्रक काढलं आणि दोन दिवसांत सरकारने ते मागे घेतलं. लोक गोंधळले ते गोंधळलेच. मला ते पत्रक योग्य वाटलं होतं, आजही वाटतं.

बाकरवडी_२_०

फार चांगली पद्धत. सगळ्यांनी आधारचं बायोमेट्रिक लॉकही करून ठेवा. दस्तांवरचे अंगठे उचलून, त्याचे ठसे बनवून आधारशी जोडलेल्या खात्यांतून पैसे काढल्याची प्रकरणं वेगवेगळ्या राज्यांत झाली आहेत. लॉक असलं की नुसत्या ठशाने व्यवहार होत नाही, लागेल तेव्हा थोडा वेळ उघडता येतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पसरतात.

ऱ्हाइनकाठ

जर्मनीतून. इथे २०१० मध्ये गुगलचं स्ट्रीट व्ह्यू सुरू होताना जवळपास २ लाख ४४ हजार घरांनी 'आमचं घर धूसर करा' असं कळवलं होतं. रस्त्यावरून कुणालाही दिसणारं घर, तरी लोक म्हणाले, रस्त्यावरून दिसणं वेगळं आणि जगभर कायमचं साठवून दाखवणं वेगळं. तेच स्ट्रीट व्ह्यू भारतात जुलै २०२२ मध्ये दहा शहरांत आलं. पुणे, नाशिक, अहमदनगर त्यात होती. माझ्या नाशिकच्या घराच्या ओट्यावर वाळत घातलेली चटई मला इथून दिसते. मला तर आनंद झाला, आई जवळ आल्यासारखं वाटलं. आईला मात्र मुळीच आवडलं नाही. ती म्हणाली, "मला विचारलं असतं तर मी ओटा आवरला असता."

गुळपोळी

आईंचं बरोबर आहे. विचारायला हवं होतं.

गेट_क्रमांक_२

बरेच दिवस फक्त वाचतोय, आज लिहितो. माझे वडील वाकडच्या एका सोसायटीत सिक्युरिटी गार्ड आहेत. बारा तासांची ड्युटी. तुमच्या ॲपची दुसरी बाजू त्यांच्या हातात असते.

गेटवरचा फोन एजन्सीचा. संध्याकाळी डिलिव्हरीवाल्यांची रांग लागते. प्रत्येकाचा फोटो, नंबर, फ्लॅट. वरून कुणी उचललं नाही तर परत रिंग. तोवर मागच्या पोराची ऑर्डर उशिरा होते, तो वडिलांवर चिडतो. वर साहेब चिडतात, जेवण थंड का आलं. एकाच पोराचा दिवसात चार वेळा फोटो काढतात. त्याला एकदाही कुणी विचारलेलं नाही की काढू का. तो फोटो किती दिवस राहतो ते वडिलांना माहीत नाही, एजन्सीला माहीत नाही, कमिटीलाही माहीत नसणार. वडील स्वतः किती मिनिटं खुर्चीवर बसले हेही कॅमेऱ्यात बघून सुपरवायझर सांगतो.

वडिलांचा ॲपला विरोध नाही. वहीत लिहिताना त्यांचे डोळे दुखायचे. पण या धाग्यावर सगळे आपापल्या नंबराची काळजी करताहेत. आसावरीताईंनी ज्यांच्यासाठी धागा काढला त्यांच्याबद्दल पहिल्या पाच-सहा प्रतिसादांनंतर कुणी बोललं नाही, म्हणून लिहिलं.

रानजाई

तुझं लिहिणं मनाला लागलं. खरंच मूळ प्रश्नाकडे येऊ या. पुण्यातल्या घरकामगार बायकांनी १९८० साली संप केला होता, हे आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे? रजा, पगारवाढ यासाठी त्या रस्त्यावर उतरल्या होत्या. २००८ मध्ये त्यांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्या काही नव्याने हक्क मागत नाहीत. तेव्हा आसावरीताई, मावशींशी बोलून मागण्या लिहा, त्यांच्या वतीने आपणच ठरवू नका.

सेक्रेटरी_काका

मान्य. मीही थोडी माहिती काढली. आमच्या ॲपमध्ये ॲडमिनच्या पानावर 'रहिवाशांना शेरे दाखवा' आणि 'हजेरी सर्वांना दाखवा' असे वेगळे पर्याय आहेत, दोन्ही आधीपासून चालू होते. बंद करायला पैसे लागत नाहीत. पाहुण्यांची नोंद किती दिवस ठेवायची हे मात्र कंपनीला लेखी विचारावं लागतं. पत्र पाठवलंय.

आसावरी_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. सभा काल झाली. गेट_क्रमांक_२ आणि रानजाई, तुमचं वाचल्यावर मी सभेआधी जिन्याखाली मावशींबरोबर बसले. डबे खायला त्या तिथे जमतात. ऐकलं ते मला अपेक्षित नव्हतं.

शेरे आणि तारे काढा, यावर सगळ्यांचं एकमत. मोबाईल नंबर सगळ्यांना दिसू नये, यावरही. एकीला तर वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ नको त्या वेळी फोन करायचे, ते तिने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. पण हजेरी बंद करा म्हटल्यावर दोघी-तिघी नको म्हणाल्या. त्यांचं म्हणणं असं की काही घरांत सुट्ट्या जास्त लावून पगार कापतात. गेटवरची वेळ असली तर दाखवता येईल की मी आले होते. "आमची हजेरी आम्हाला पण द्या," असं सुमनमावशी (नाव बदललंय) म्हणाल्या.

सभेत मंजूर झालं ते असं: शेरे आणि तारे बंद. नंबर आणि हजेरी फक्त त्या त्या घराला. महिन्याच्या शेवटी प्रत्येकीला तिच्या हजेरीचा कागद ऑफिसमधून, मागितल्यावर. नोंदणीचा फॉर्म मराठीत, सही करण्याआधी वाचून दाखवायचा. डिलिव्हरीवाल्यांचे फोटो बंद करण्याची मागणी फेटाळली गेली. चोरीची भीती पुढे आली, मतदान झालं आणि आम्ही हरलो. नोंद किती दिवस ठेवायची तो विषय पुढच्या कमिटी बैठकीवर ढकललाय.

ॲड_प्रभाकर

अभिनंदन. इतिवृत्तात हे सगळे ठराव शब्दशः आलेत ना, ते सहीआधी वाचा. 'चर्चा झाली' एवढंच लिहून सोडतात.

गेट_क्रमांक_२

ताई, वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, फोटोच्या ऐवजी डिलिव्हरी कंपनीचा ऑर्डर नंबर टाकला तर कोण आलं ते कळतंच, फोटो लागत नाही. पुढच्या बैठकीत हे मांडता येईल का?

आसावरी_कोथरूड

नक्की मांडते. वडिलांना विचार, बैठकीला येऊन स्वतः सांगतील का. सुट्टीचा दिवस बघून ठेवू. आणि मराठी फॉर्मचा मसुदा उद्या इथे टाकते, वकीलसाहेब आणि रानजाई, तुम्ही त्यावर नजर टाका.